खोट्या काढ्याचे नव्वद दिवस

चेंगदूच्या त्या गल्लीत फांग तैजुनच्या नाकाला तोड नव्हती. चाळीस वर्षं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान चालवलेला माणूस. बंद पुडी नाकाशी धरली की आतली मुळं नावानिशी सांगायचा. आणि सांगून गप्प बसेल तो फांग कसला!

म्हणून तर घोळ झाला. बायकोला, युछिनला, अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. गोळ्या, व्यायाम चालूच होते. त्यात डॉक्टर लिआंगबाईंनी विचारलं, छ्वानश्यूंगच्या मुळाचा काढा झटक्यानंतर खरंच गुण देतो का, याची चाचणी आहे, येता का? निम्म्यांना खरा काढा, निम्म्यांना तसाच दिसणारा खोटा. कुणाला कुठला, ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. युछिनने डाव्या हाताने सही ठोकली.

घरी पहिलं पाकीट फोडलं आणि फांगने ते नाकाशी धरलं. रंग तोच, कडूपणा तोच, पण मुळाचा वास औषधालाही नव्हता. बायकोच्या वाट्याला खोटा आला होता.

त्याने मुकाट्याने दुकानातलं मूळ आणलं आणि शेगडी पेटवली.

"काय शिजतंय?" युछिनची जीभ जड झाली होती, पण धार शाबूत होती.

"सूप."

"काढ्याच्या मडक्यात? अहो, त्यात साधं पाणी तापवलं तरी ओरडायचात माझ्यावर. बंद करा ते."

"अगं, पण तुझ्या पाकिटात—"

"एक शब्द बोलाल तर बघा. पाकिटात काय आहे ते मला कळलं की माझी नोंद वाया. जन्मभर गिऱ्हाइकांना छातीठोक सांगत आलात ना, गुण येतो म्हणून? आता कुणी मोजून बघतंय, तर तुम्हीच तराजूच्या काट्यावर बोट ठेवणार?"

"आणि हात नाही आला तर?"

"तर नाही आला. हात माझा आहे."

फांगने मडकं मोरीत रिकामं केलं.

पुढे नव्वद दिवस तो तोंड मिटून होता. ती रोज सकाळी ओलं फडकं पिळायची, घामाघूम व्हायची, कधी रडायची, डोळे पुसून पुन्हा पिळायची. तो शेजारी बसून बघायचा. खरं मूळ हाताच्या अंतरावर होतं.

तिचे नव्वद दिवस संपले त्या दुपारी ती गल्लीच्या फाटकापाशी माजाँग खेळायला बसली. उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिने सोंगटी उचलली, जरा थरथरली, पण नेमकी जागेवर ठेवली.

"मानलं बुवा तुमच्या काढ्याला, फांगदादा," शेजारचे शेनकाका म्हणाले.

"मग? मूळ कुणाचं!" युछिन नवऱ्याकडे बघून म्हणाली, भलत्याच तोऱ्यात.

फांगने चहाची किटली जवळ ओढली. मूळ कसलं नि काय. हा हात तिने एकटीने ओढून आणला होता, आणि सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत तेवढंच तिला सांगायची सोय नव्हती. इतका अभिमान त्याला स्वतःच्या नाकाचाही कधी वाटला नव्हता.

"निकाल लागू दे," तो म्हणाला. "एका हातावरून काही ठरत नाही."

"हे तुम्ही म्हणताय?" शेनकाकांनी विचारलं. फांग तिच्या पेल्यात चहा ओतत होता.