बेल्टचं वय

धाकटीनं टॅक्सीच्या इंजिनाचं कव्हर खोललं आणि तिचं तोंडच पडलं. टायमिंग बेल्ट चांगला दिसत होता. ना चीर, ना सुटलेले दोरे.

दादाची कळी खुलली. "बघ! सांगत होतो ना? लाव ते झाकण, उस्तादबाई, आणि सोड आम्हाला."

दादा टॅक्सी चालवायचा, धाकटी बहीण गॅरेज. आई गॅरेजच्या दारात स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली होती. आज संध्याकाळच्या आत घाटापलीकडच्या दवाखान्यात भरती झाली नाही, तर तिसऱ्यांदा ढकलणार होते. आणि आता तिला पोरंसुद्धा आवाजावरून ओळखावी लागत होती.

"बेल्टचं तोंड नाही, वय बघायचं," धाकटी म्हणाली. "ऐंशी हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं. जे आधी भरेल ते."

"मागचा टाकून चार झाली. आणि मीटरवरच्या किलोमीटरचा हिशोब कर, पन्नास हजारसुद्धा पळाली नाही."

मीटर बघायला ती आत वाकली. त्याच्या काचेच्या कोपऱ्यावर ओरखडा होता. तिच्याच स्क्रूड्रायव्हरचा.

"दादा, हे मीटर आपल्या गाडीचं कुठंय?"

"काहीतरीच!"

"हा बेल्ट टाकल्यानंतर आपलं बंद पडलं तेव्हा भंगारातल्या गाडीचं काढून आणलंस. मीच बसवलं. आकडा कमी होता, तर गाडी तरुण झाली म्हणून गावभर मिरवत होतास!"

दादानं मान खाजवली. रोज तेच मीटर बघून बघून दोघांनीही ते खरं धरलं होतं.

"टॅक्सी वर्षाला तीस हजार तरी पळते," धाकटी म्हणाली. "चार वर्षांचे किती झाले, तूच सांग."

दादानं घड्याळाकडे बघितलं. "बरं, परत आलो की टाक."

"आणि चढावर तुटला तर? व्हॉल्व पिस्टनवर आदळणार, इंजिनाचा भुगा. आईला काय पाठीवर घेऊन जाशील?"

"आणि तू इथं खोलत बसलीस तर दवाखान्याचं दार बंद! मग कोण उघडणार, तू?"

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे आवाज आणखी चढले. नवा बेल्ट फळीवर होता, दुसऱ्या गाडीसाठी आणलेला. इंजिनाच्या पुल्यांवरच्या, बेल्ट बसवायच्या खुणा धाकटीनं मघाशीच जुळवून ठेवल्या होत्या. तिनं कटर उचललं आणि जुना बेल्ट कापून टाकला.

"डोकं फिरलंय का तुझं!"

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"तुझ्या लाडक्या लेकीनं बेल्ट कापला!"

"मग आता भांडताय कशावर? हात चालवा."

दादानं बाह्या वर केल्या. पुली, ताणाचं चाक, नट, सगळं तो निमूटपणे देत-घेत गेला. बेल्ट बसल्याबरोबर मात्र चावी घेऊन धावला.

"खबरदार!" धाकटी ओरडली. "स्टार्टर नाही. खुणा चुकल्या असतील तर इथंच भुगा. आधी हातानं फिरव."

त्यानं दात-ओठ खात पाना लावून इंजिनाला दोन पूर्ण फेरे दिले. कुठे अडलं नाही. खुणा परत समोरासमोर आल्या. मग गाडी सुरू झाली आणि आईला बसवून तो सुटलाच.

धाकटीनं हात धुतले नाहीत, जेवलीही नाही. फोन हातात धरून त्याच स्टुलावर बसली. उन्हं उतरल्यावर तो वाजला.

"घेतलं आत," दादा धापा टाकत म्हणाला. "दार लावतच होते, मी पाय घातला मध्ये."

"आणि गाडी?"

"गाडीचं काय विचारतेस! आई काय म्हणते ते ऐक. बेल्ट कापला तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं, ते तिला बघायचं राहिलं."