ओबेतची समुद्रशेती

ओबेतला शेतकरी व्हायची हुक्की आली आणि वेल्मिनाच्या स्वयंपाकघरातली एकही बादली जागेवर राहीना. ओहोटी लागली की तिचा हा नवरा खाडीत उतरायचा, वाळूत दडलेल्या धष्टपुष्ट समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे ते मऊ जीव, उपसायचा आणि बांबूच्या कुंपणात नेऊन ओतायचा. तिकडे समुद्रकाकडीला तेरिपांग म्हणतात, म्हणून काठावर पाटी ठोकली होती, 'तेरिपांग शेती'. खाली स्वतःचं नाव, तेही शेतीपेक्षा मोठ्या अक्षरांत!

गावात तेव्हा सासी चालू होती. चर्चमध्ये प्रार्थना करून, खाडीच्या तोंडाशी नारळाची कोवळी झावळी बांधून गावानं समुद्र बंद केला होता. झावळी उतरेपर्यंत एकही तेरिपांग कुणी घरी न्यायचा नाही, असा नियम. ओबेतनं त्यातून पळवाट शोधली. "मी घरी कुठे नेतो? समुद्रातलं समुद्रातच ठेवतो की!" आणि गावाला ते पटलं! सासीचे राखणदार बापा मेल्की हे वेल्मिनाचे काका. पुतणीच्या नवऱ्याला कसं अडवायचं, म्हणून तेही मान डोलावून मोकळे झाले. असला भिडस्त राखणदार काय कामाचा?

वेल्मिनाला मात्र धास्ती वाटत होती. सासी उठली की खाडी सगळ्यांची होते. ज्यांच्याकडे होडी नाही, त्या बायकांची तर वर्षाची तेवढीच कमाई. तीच या शहाण्यानं आधी उपसली असेल तर?

"शेती म्हणे!" त्याच्या ताटलीत सागोच्या पिठाची खळ वाढता वाढता ती म्हणाली. "शेतकरी आधी पेरतो. तू काय पेरलंस?"

"तुला नाही कळायचं ते, मिना. रोज संख्या वाढतेय."

"रोज बादली ओततोस म्हणून वाढतेय! उद्या मी शेजारणीच्या कोंबड्या आणून आपल्या खुराड्यात कोंडल्या, तर त्याला काय पोल्ट्री म्हणशील?"

"ते वेगळं."

"वेगळं तर आहेच. शेजारीण बोंब मारेल. समुद्र बिचारा गप्प बसतो, म्हणून तुझं फावतंय."

ओबेत हसला आणि माशाचा रस्सा ओरपू लागला. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे बोलून काय उपयोग! वेल्मिनानं ताटली आपटली आणि उठून गेली.

सासी उठली. प्रार्थना झाली, झावळी उतरली, आणि सगळा गाव हसतखिदळत पाण्यात शिरला. वेल्मिनाही टोपली घेऊन गेली. बायका वाळू चाचपत राहिल्या. हसणं हळूहळू थांबलं. भरती चढू लागली तेव्हा टोपल्यांत नुसते शिंपले होते, शेवाळ होतं. विधवा योसिना तर किनाऱ्यावर मटकन बसलीच. "आता वर्षभर खायचं काय गं?" एवढंच ती म्हणाली.

आणि ओबेत? तो कुंपणापाशी छाती काढून उभा होता! "बघा, म्हणून शेती करावी! माझं कुंपण भरलंय."

वेल्मिनाच्या डोक्यात तिडीक गेली. कमरेएवढ्या पाण्यातून ती तरातरा कुंपणात घुसली.

"तुझी शेती ना ही? मग यात जन्मलेलं एक पिल्लू दाखव. एकच!"

"आहेत की... वाळूत असतील."

"काढ मग. सगळा गाव बघतोय."

ओबेत वाकला. इथे हात घातला, तिथे घातला. हाताला लागले ते मोठेच, तेही चिंबलेले, लिबलिबीत. एवढ्या दाटीत वाळूत खायला उरलंच काय होतं! पिल्लू एकही नाही. शेवटी हातातल्या एकानं भेदरून, हे जीव करतात तसं, आपली आतडीच त्याच्या तळव्यावर ओकली. कुणीतरी फिसकन हसलं. योसिना हसली नाही. तिची रिकामी टोपली बघून ओबेतची मान खाली गेली.

"विणीची जनावरं उचललीस तू," वेल्मिना ओरडली. "तिकडे खाडीत वीण संपवलीस आणि इथे त्यांना उपाशी मारलंस. कसला शेतकरी रे तू!"

"चूक माझीही आहे," बापा मेल्की म्हणाले. "हा खाडीतून काढत होता आणि मी त्या काढण्याला 'ठेवणं' म्हणत होतो."

ओबेतनं पहिला बांबू उपटला. मग दुसरा. गाव बघत राहिला, मग बायकाही हात लावू लागल्या. जेवढी जगली होती तेवढी जनावरं त्यानं एकेक करून खाडीच्या वाळूत, पुन्हा वीण व्हावी म्हणून एकमेकांच्या जवळ नेऊन ठेवली. काठावर येऊन तो योसिनापुढे उभा राहिला. "मावशी, मी चोरी केली. यापुढे माझी मासेमारी तुमच्या चुलीसाठी, खाडी पुन्हा भरेपर्यंत." त्या दुपारीच झावळी पुन्हा बांधली गेली आणि खाडी तेरिपांगसाठी परत बंद झाली.

लोकहो, समुद्राची शेती वाईट नाही. पिल्लं वाढवा, खुशाल करा. पण सगळ्यांचं उचलून आपल्या कुंपणात कोंडायचं आणि वर शेतकरी म्हणून मिरवायचं, हे लक्षण भामट्याचं! ज्या गोठ्यात कधी वासरूच जन्मत नाही, त्याला गोठा म्हणत नाहीत, कोंडवाडा म्हणतात.