हैबतीचं लांबलेलं मरण

मोठ्याने वाचता वाचता जनकाबाईंनी पान उलटलं, पुढच्या ओळीवर नजर गेली आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. हैबती मरत होता.

चांगला धडधाकट टांगेवाला. मागच्याच पानावर घोड्याला चंदी चारून, बायकोशी भाजीतल्या मिठावरून भांडून स्टेशनावर गेला होता. आणि या पानावर कादंबरीकाराने त्याला ताप भरवला, खाटेवर टाकला, वर वैद्याकडून मान हलवून घेतली. अजून निम्मी कादंबरी बाकी होती! एवढी घाई कशाची झाली होती या लेखकाला, देव जाणे.

"काकू, थांबल्या काऊन?" परसातल्या भिंतीपलीकडून गुलनाजने विचारलं. ती शेजारच्या बिलकिसभाभींची सून.

"ठसका लागला वो. पाणी पिऊन येते."

जनकाबाई उठल्या, पण माठापाशी जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे बिलकिसभाभी जेवायला बसल्या होत्या. ताटाचा आवाज इथवर येत होता. त्यांचे यजमान अन्वरभाई जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते आणि भाभी घास खायच्या त्या फक्त वाचन चालू असताना.

तशी ही कादंबरी भाभींसाठी उघडलेलीच नव्हती. मेहकरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढताना जनकाबाईंनी एक हौस सांभाळली होती. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या की पुस्तकांच्या दुकानांतून एक जाडजूड पुस्तक घेऊन यायचं. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "रिटायर झाली की वाचीन." रात्रपाळ्या, पोरांची लग्नं, सासूचं आजारपण, सगळं उरकता उरकता कपाट भरत गेलं. मग एकदाची निवृत्ती झाली, सत्काराची शाल घडी करून ठेवली आणि त्यांनी पहिल्याच दिवशी त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं. दोन पानांत डोळा लागला. दुसऱ्या दिवशी दीड पानात.

"पुस्तक तू वाचून राह्यली का पुस्तक तुले अंगाई म्हणून राह्यलं?" नवरा इंद्रभान. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिकामे होते, म्हणून जिभेला जास्त काम.

जनकाबाईंना खरंच रडू आलं होतं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट, आणि हातात आली तेव्हा डोळे मिटतात! मग पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं आणि वाचायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच. तिथे त्या तास-तास वाचायच्या, जांभईसुद्धा यायची नाही. त्यावरून त्यांच्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर त्यांनी जे काही वाचलं ते ताठ बसून, मोठ्याने, चारचौघींना ऐकू जाईल असं. मनातल्या मनात वाचायची सवयच नव्हती. झालं. परसात पत्र्याखाली सतरंजी अंथरली, पाटावर कादंबरी ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि ग्रंथाच्याच संथ, खणखणीत सुरात सुरुवात केली. हैबती आणि त्याच्या बायकोचं, सोनाबाईचं, पहिलंच भांडण त्या सुरात ऐकून इंद्रभान आतून ओरडले होते, "शेवटी साधु साधु म्हणू का वो?"

म्हणेनात का! कादंबरी पुढे सरकायला लागली होती.

एकदा जनकाबाई एका मयतीसाठी उंद्रीला गेल्या, त्या दिवशी वाचन बुडालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच भिंतीवरून गुलनाजचं डोकं वर आलं.

"काकू, काल काऊन नाही वाचलं? अम्मीनं ताट तसंच परत केलं."

"म्हणजे? भाभी ऐकतेत?"

"रोज ऐकतेत. अब्बा गेल्यापासून अम्मी बोलत नाही, जेवत नाही. तुमचं वाचणं सुरू झालं की भिंतीपाशी खाट ओढतेत, अन् मंग रोटी मागतेत."

अन्वरभाईंचं बसस्टँडजवळ गाद्या-उशा भरायचं दुकान होतं. उन्हाळा संपता संपता ते तिथेच, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी गेले. घरी यायलाही सवड मिळाली नाही. तेव्हापासून भाभी विधवेने पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत होत्या, उंबऱ्याच्या आत. जनकाबाई भेटून आल्या होत्या, पण हातात हात घेऊन बसण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. भाभींना साखरेचा आजार. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या तर काय होतं हे नर्सला कुणी सांगायला नको. गुलनाजने सांगितल्यापासून वाचनाची वेळ गोळीच्या वेळेसारखी पक्की झाली.

आणि आता हा हैबती मरायला टेकला होता.

जनकाबाई माठाकडून परत आल्या, पाटासमोर बसल्या. ग्रंथ वाचायला बसलं की अक्षर गाळायचं नाही, पदरचं अक्षर घालायचं नाही. हा नियम त्यांनीच विहारातल्या पोरींना शिकवला होता. त्यातल्या डिंपलने एक ओळ गाळली तर तिला पान पहिल्यापासून वाचायला लावलं होतं. त्यांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग त्याच खणखणीत सुरात म्हणाल्या,

"तेवढ्यात हैबतीला दरदरून घाम फुटला आणि त्याचा ताप उतरला."

भिंतीपलीकडे ताट पुन्हा वाजलं.

संध्याकाळी भाकरी वाढताना त्यांनी इंद्रभानला सांगून टाकलं. ते हातातला तुकडा हातातच ठेवून बघत राहिले.

"मेलेल्या माणसाले उठवलं तू?"

"मेला नव्हता अजून. मरायले टेकला होता."

"अन् उद्या? उद्या काय वाचशीन?"

"उद्याचं उद्या. तुम्ही जेवा."

बोलायला सोपं. दुसऱ्या दिवशी कळलं की माणसाला मारणं एका ओळीचं काम, जगवायचं तर रोजचा खटाटोप. हैबतीला उठवून बसवला, पेज पाजली, घोड्यापाशी नेला. पण टांगेवाल्याच्या धंद्यातलं जनकाबाईंना काय कळत होतं? त्यांनी इंद्रभानला विचारलं. तेही उत्साहाने सांगायला लागले, आणि मग हैबती घाटात टांगा 'सेकंड गिअरमध्ये' घालतो की काय अशी वेळ आली. शेवटी त्यांनी त्याला टांग्यावरून उतरवून घरातच जास्त बसवायला सुरुवात केली. घरातला माणूस कसा वागतो हे तरी त्यांनी पाहिलं होतं.

म्हणून हैबती बशीतून फुंकर मारत चहा प्यायला लागला. हिशेब चुकला की टोपी मागे सरकवून डोकं खाजवायला लागला. रागावला की बोलायचा नाही, उगाच सुतळीला गाठी मारत बसायचा. शुक्रवारी येताना कागदात बांधून गरम जिलेबी आणायचा. आणि जेवायला बसला की भाकरी मोडून पहिला अर्धा तुकडा सोनाबाईच्या ताटात टाकायचा. "तू सुरू कर," म्हणायचा, "तू खाल्ल्याबिगर मले गोड नाही लागत."

त्या दिवशी भिंतीपलीकडे बराच वेळ काहीच वाजलं नाही. जनकाबाई घाबरल्या. मग कुणीतरी हसल्यासारखा आवाज आला, लहानसा, घशातल्या घशात.

"काकू," गुलनाज संध्याकाळी भिंतीपाशी येऊन हळूच म्हणाली, "अम्मी आज हसली. अन् अजून एक रोटी मागितली."

जनकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. एवढं बरं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

पण एक गोष्ट आतून टोचत होती. पाटावरची कादंबरी त्याच पानावर उघडी पडून होती. दमट हवेने ते पान पिवळं पडायला लागलं होतं. इतकी वर्षं वाट पाहून हातात घेतलेलं पुस्तक, आणि त्यांनी ते मधेच अडवून धरलं होतं. पुढे डोकवावं असं दहादा मनात आलं. पण हैबतीचं प्रेत पाहून पुन्हा त्याच्या तोंडी जिलेबीच्या गोष्टी घालायच्या, हे त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. आवाज दगा देईल, अशी भीती वाटायची.

"तुयी हौस राहूनच गेली मंग," इंद्रभान एकदा म्हणाले. या वेळी चेष्टा नव्हती.

"राहू द्या. पुस्तक कुठं पळून चाललं?"

वर्षावास संपला, विहारात ग्रंथाची समाप्ती झाली, खीर वाटली गेली. हैबती मात्र जिवंतच होता. त्याने नवी घोडी घेतली होती, आणि तिचं नाव काय ठेवावं यावरून नवरा-बायकोचं चार दिवस चाललं होतं.

मग भाभींची इद्दत संपली. त्या दिवशी मलकापूरहून त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला. त्यांच्या घरची रीत, पहिलं पाऊल माहेरी पडायचं. गल्लीतल्या बायका दाराशी जमल्या. भाभी बाहेर आल्या, उजेडाने डोळे किलकिले करून क्षणभर थांबल्या, आणि गाडीकडे न जाता सरळ जनकाबाईंच्या दारात शिरल्या. मागोमाग गुलनाज आली.

"भाभी! या ना, बसा," जनकाबाईंची धांदल उडाली. इंद्रभान खुर्ची देऊन बाहेर सटकले, भावाला चहा विचारायला.

भाभी खुर्चीवर बसल्या नाहीत. चालत परसात गेल्या, सतरंजीवर बसल्या, पाटावरच्या पुस्तकाकडे बघत राहिल्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "हैबती कधी मेला?"

जनकाबाईंनी वाकून उघड्या पानावर हात ठेवला.

"कपातून चहा पेत होता तो. स्टेशनावर, उभ्या उभ्या. ताप उतरला अन् बशीतून प्यायले लागला." भाभींनी ओढणी सारखी केली. "मंग सुतळीच्या गाठी. मंग जिलेबी. मी म्हटलं, या अल्ला, हे तर आमचेच आले."

जनकाबाई त्यांच्यासमोर सतरंजीवर बसल्या. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. भिंतीपलीकडचा माणूस इतकी वर्षं डोळ्यांदेखत वावरला होता. अंगणात जेवताना दिसायचा, सुतळी घेऊन बसलेला दिसायचा. माणूस घडवायला बसल्या तर हाताला तोच लागला.

"माफ करा वो भाभी. मुद्दाम नाही केलं. मले दुसरा चांगला माणूस बनवताच येत नव्हता."

"माफी कायची मांगता?" भाभींनी त्यांचा हात धरला. "दुकानातून घरी न येताच गेले ते. मले काही बोलता नाही आलं, काही खाऊ घालता नाही आलं. तुम्ही त्याईले रोज आणून माझ्यापाशी जेवायले बसवलं. हे कोणी करते का कोणासाठी? तुमचे उपकार मी मरेलोक विसरणार नाही."

"उपकार तुमचे," जनकाबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकत नसत्या ना, तर मी कधीचीच पुस्तक बंद करून झोपली असती. जन्मात एक कादंबरी वाचायची होती मले. तुमच्यामुळंच वाचली, जेवढी वाचली तेवढी."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आता वाचा," भाभी म्हणाल्या. "जसं लिहिलं तसं."

"भाभी..."

"वाचा. मी बसली हाय इथं."

जनकाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. एक अक्षर गाळलं नाही, एक पदरचं घातलं नाही. वैद्य उठून गेला. दिव्यातलं तेल संपलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटे घोडा खिंकाळला तेव्हा हैबती गेलेला होता. सोनाबाईने त्याची टोपी खुंटीवरून काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून उभी राहिली.

भाभी रडत होत्या. तोंड झाकलं नाही, डोळे पुसले नाहीत. जनकाबाईंनी धडा संपवला आणि थांबल्या. गुलनाज दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "अम्मी, चलायचं का? मामू वाट पाहून राह्यले."

भाभींनी हात वर करून तिला थांबवलं.

"अन् सोनाबाई?" त्यांनी जनकाबाईंना विचारलं. "तिचं काय झालं?"

"मले बी माहीत नाही वो. मीही इथंच अडकून बसली होती."

जनकाबाईंनी उरलेली पानं अंगठ्याखालून सोडत नेली. पानापानावर सोनाबाईचं नाव होतं. बाजारात, कोर्टात, टांग्यावर, कुठल्या तरी लग्नात. शेवटच्या पानापर्यंत.

"हे सारं तिचंच दिसते," त्या म्हणाल्या.

"एवढं मोठं?"

"हाव. एवढं मोठं."

भाभींनी पुस्तकाच्या त्या जाड अर्ध्या भागावर हात ठेवला, जणू वजन बघत होत्या. मग नाक पुसलं आणि मांडी घालून नीट बसल्या.

"गुलनाज," त्या म्हणाल्या, "मामूले सांग, जेवूनच निघू म्हणा, वेळ लागन. अन् माझं ताट इकडंच आण."