कडूची मधुरा

“नाव नीट सांगा ना. कडू काय?”

“कडूच, बाई.” मुंजाबानं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. “कडूबाई. घरात कडू म्हनतो.”

द्वारकाला हसू आवरेना. डी.एड.ला समाजकार्य म्हणून प्रत्येकीला एक वस्ती मिळाली होती आणि तिच्या वाट्याला मुकुंदवाडीच्या कडेची ही पालं आली होती. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते; मेंढरं विकून आलेली धनगर कुटुंबं तिथं विटा-वाळू वाहत होती. त्यांची पोरं हुडकायची, महिनाभर सकाळी वर्ग घ्यायचा आणि मग शाळेत बसवायची, एवढं काम. द्वारका मोठ्या हौसेनं लागली होती. हौस असली की माणसाला घाईही फार असते.

बापाच्या धोतराआडून सात वर्षांची पोर डोकावत होती. काळेभोर डोळे, नाकात तार.

“अहो, पोर इतकी गोड आणि नाव कडू? मधुरा लिहू या.”

“लिव्हा की. शाळंतलं नाव शाळंत.” मुंजाबा घुटमळला. “पन मंजुळाला एकडाव इचारा. ती कामावर गेलीय. सांजच्याला यील.”

“त्यात काय विचारायचं? चांगलंच तर करतोय!” असं म्हणून द्वारका पुढच्या पालाकडे गेलीसुद्धा.

पोरीला ते नाव असं लागलं की विचारू नका. हजेरीत पहिल्यांदा ‘मधुरा’ ऐकलं तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. आपल्यालाच हाक आहे हे कळल्यावर टुणकन उठली. मग हातपंपावर बायांना सांगून झालं, शेळीला सांगून झालं. घरी कुणी कडू म्हटलं तर ओ देईना. “कडू मेली,” म्हणायची, “मी मधुरा हाय.” पाहणीला आलेल्या सरांनी हा किस्सा ऐकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “शाब्बास! याला म्हणतात समाजकार्य.” द्वारकाचे पाय दिवसभर जमिनीला लागले नाहीत.

शनिवारी ती बिडकीनला घरी गेली. त्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता. अंगणात बसलेल्या माणसांना तिचे वडील, नानासाहेब, मांडीवर थाप मारून सांगत होते, “जीव गेला तरी नाव बदलू द्यायचं नाय!” माणसं माना डोलावत होती. शेजारच्या गावात दलित वस्तीतली घरं जाळली होती. तिथली आशा द्वारकाच्याच वर्गात होती. ती कॉलेजात परत आलीच नव्हती. बाबासाहेबांचं नाव दिलं तर कुणाचं काय जातंय, हे द्वारकाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं चहाचे कप पुढं ठेवले आणि मुकाट्यानं आत गेली.

परतताना एस.टी.त तिला वाटलं, जाऊ दे, आपणही एक नामांतर केलंच की! काय म्हणावं या समाधानाला.

सोमवारी मधुरा वर्गाला आली नाही. शेजारची बाई म्हणाली, “तिला घाटीच्या दवाखान्यात नेलीय. तापानं फनफनली व्हती.”

द्वारका तशीच दवाखान्यात गेली. पोर झोपली होती, ओठ सुकून गेले होते. उशाशी बसलेल्या बाईनं मान वर केली, पण ती उठली नाही.

“तुमीच का त्या, माझ्या पोरीचं नाव बदलनाऱ्या?”

“मावशी, मी...”

“हिच्या अगुदर तीन गेली माझी.” मंजुळाबाईचा आवाज चढला नव्हता, तेच द्वारकाला जड गेलं. “लई गोड नावं ठिवली व्हती. गोड दिसलं की नेतंय ते. मंग हिला कडू केली. तोंडात घातली तरी थुकून दील, असं. सात वरसं थुकून दिलं बाई त्यानं. आन् तुमी साखर लावून म्होरं केली.”

“टायफॉइड असेल हा. खराब पाण्यानं होतो. डॉक्टर काय म्हणाले?”

“उतरतोय म्हनले. मला बी कळतंय, औषधानं उतरतोय. पन ते पुन्यांदा यायचं नाय कशावरून?”

“मुंजाबांना विचारलं होतं मी.”

“त्यानं दिल्या व्हत्या का कळा?”

द्वारका खाली बघू लागली. “मला माहीत नव्हतं.”

“इचारलं असतं तर म्हाईत झालं असतं.”

द्वारकाला स्वतःची शरम वाटली. नावासाठी तिकडं माणसं जीव द्यायला निघाली होती, लोक घरं पेटवत होते, आणि तिथं आपली दातखीळ बसली. इथं अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून आपण शूर! एका गरिबाच्या पोरीचं नाव उचललं आणि दुसरं ठेवून दिलं, भांडं बदलावं तसं.

मंजुळाबाईनं पदराची गाठ सोडली. आत कडुलिंबाच्या ठेचलेल्या पाल्याचा हिरवा गोळा होता.

“बारशाला लोकं जिभंवर मध लावत्यात. म्या हिला ह्यो रस लावला व्हता. आता तुमी लावा. ज्यानं गोड केली त्यानंच कडू करायची. मंग धाडीन शाळंत, कडू म्हनून. नाय तर आमी चाललो देवगाव रंगारीकडं, भावाच्या मेंढरामागं.”

ही अंधश्रद्धा आहे, असं द्वारका सांगू शकली असती. परीक्षेत तिनं त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. पण समोर तीन लेकरं पुरलेली बाई हात पुढं करून बसली होती. आणि शाळाही सुटायला नको होती.

तेवढ्यात पोर जागी झाली. “बाई!” तिचे डोळे चमकले. “म्या चादरीवर बोटानं मधुरा लिवलं. मला येतंय आता.”

द्वारकानं हिरव्या गोळ्यात बोट बुडवलं. बाईंनी काही खाऊ आणलाय असं वाटून पोरीनं आ वासला. रस जिभेला लागताच तिचं अंग शहारलं, डोळ्यांत पाणी आलं. पण ती थुंकली नाही. बाईंनी दिलं होतं ना! तिनं गिळलं.

“हाक मारा,” मंजुळाबाई म्हणाली.

“कडू,” द्वारका म्हणाली.

पोरीनं आईकडं पाहिलं, मग बाईंकडं.

“मंग मधुरा कोन?”

“कुणी नाही गं.”

“त्ये नाव दुसऱ्या पोरीला देनार का?”

“नाही,” द्वारका कशीबशी म्हणाली. “कुणालाच नाही देणार.”

“मंग ठिवून द्या,” कडू म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळली.