डाव्या दाराची खडखड

कामासाठी रोज नव्वद किलोमीटर गाडी चालवणाऱ्या थोरलीला महिनाभर एका आवाजाने भंडावून सोडलं होतं. वळणावर डाव्या दारातून खडखड यायची. बाबा शेजारी बसले की मात्र बंद. त्यांची कंबर दुखते म्हणून हल्ली ती त्यांना क्वचितच नेई. मेकॅनिकनेही हात टेकले. शेवटी तिनेच दाराचा कप्पा उपसला, तर तळाशी बाबांच्या लांबच्या चष्म्याची डबी; हलवली की आत चष्मा खडखडे.

"बाबा, हा घरी लागत नाही तुम्हाला?"

"घरी काय, समोर भिंत," बाबा म्हणाले. "तो गाडीतलाच. बसलो की डोळ्यांवर चढवतो."

तिने डबी होती तिथेच ठेवली.

"उद्या सातला तयार राहा. कंबरेला उशी घ्या. उशीर केलात तर सोडून जाईन."