उंच खिळ्यावरची बर्फाची पिशवी

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली ही निळ्या चौकड्यांची पिशवी दिसते ना, ती मीच. मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. माझे कापड आता विटले आहे, कडांना सुरकुत्या पडल्या आहेत आणि झाकणाला एक पोचा आहे. या घरच्या लेकीने लहानपणी माझ्या झाकणाने अक्रोड फोडला होता, त्याची ती खूण.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आतून रबर, बाहेरून कापड आणि रुंद तोंडावर फिरकीचे झाकण. शेवटी एक बाई प्रत्येक पिशवीत पाणी भरून तिला उलटी धरायची आणि पोटावर जोरात दाबायची. गळली नाही ती पास. मी पहिल्याच फटक्यात पास झाले, हे सांगताना अजूनही माझा ऊर भरून येतो.

औषधांच्या दुकानातून मला या घरी आणले ते लेकीच्या तापासाठी. ताप उतरला आणि घरधन्याने दारामागे खिळा ठोकून मला टांगले. घरधनी म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. माणूस ताडमाड उंच. खिळा ठोकला तोही आपल्या हाताला येईल असा. त्यांची बायको मात्र ठेंगणी. मला काढायचे म्हणजे ती टाचा उंचवायची, बोटाने माझी नाडी खिळ्यावरून उडवायची आणि खाली पडता पडता मला झेलायची. पुढे ही कसरत रोजचीच झाली, पण कुणाच्या लक्षात आली नाही.

पुढे पेंटरांचा उजवा खांदा दुखू लागला. शिडीवर उभे राहून डोक्याच्या वर हात धरायचा आणि अक्षरे काढायची, तीही वर्षानुवर्षे. खांद्याने तक्रार केली तर नवल ते काय? संध्याकाळी ते हात पोटाशी धरूनच घरी येत. बायकोचे कोपऱ्यावर इस्त्रीचे दुकान होते. दिवसभर उभ्याने कपडे दाबून ती परतली की आधी बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटायची, मला भरायची आणि पेंटरांच्या खांद्यावर ठेवून हाताने धरून बसायची.

"हलू नका हो. लहान पोरासारखं काय चाललंय?"

"गार लागतंय."

"बर्फ आहे. गारच लागणार."

तो माझा सुखाचा काळ होता. पेंटर आल्यागेल्याला सांगायचे, "या पिशवीनं माझा हात राखलाय." शेजारपाजारचे मला उसनी मागायचे, पण बायको काही दाद लागू द्यायची नाही. मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढले. मला वाटायचे, खांदा बरा करणारी ती मीच.

आणि एके दिवशी शिडीवर असतानाच पेंटरांच्या हातातला ब्रश खाली पडला. हात वर जाईना. पाटीवरचे शेवटचे अक्षर राहिले ते राहिलेच.

लेकीने रजा काढून वडिलांना डॉक्टरीणबाईंकडे नेले. बायको बरोबर होतीच, आणि असू दे म्हणून घरूनच बर्फ भरून तिने मलाही झोळीत टाकले होते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर खांद्याचे चित्र दाखवले.

"स्नायूला हाडाशी बांधणारी ही दोरी. कंडरा म्हणतात हिला. हिचे धागे विसविशीत झालेत, पण तुटलेली नाही. तुमचंच थोडं रक्त घेऊ. यंत्रात गरगर फिरवलं की त्यातला दुरुस्तीच्या कामाचा भाग वेगळा होतो. तो सुईनं या दोरीत सोडायचा."

"हात वर जाईल ना?" बायकोने विचारले.

"खात्री नाही देणार, मावशी. काहींना छान गुण येतो, काहींना येत नाही. सोबत व्यायाम लागेल आणि धीर लागेल. नाहीच जमलं तर ऑपरेशनचं बघू."

"हात वर गेला नाही तर मी पाट्या काढायच्या कशा?" पेंटर म्हणाले. "लोक काय जमिनीवर पाट्या लावणारेत?"

ते हसून म्हणाले, पण बाकी कुणाला हसू आले नाही.

सुई टोचून झाली. पेंटरांचा चेहरा पिळवटला होता. बायकोने लगबगीने मला झोळीतून बाहेर काढले, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर हात ठेवला.

"ही नको. सूज आली तर येऊ दे. आत दुरुस्तीचं काम सुरू व्हायला ती लागते. बर्फानं किंवा सुजेच्या गोळ्यांनी ते काम अडू शकतं. मी सांगेपर्यंत दोन्ही बंद. फारच दुखलं तर ही साधी गोळी घ्या."

मित्रांनो, माझे तोंड एवढेसे झाले. इतकी वर्षे सेवा केली, आणि आता ऐन वेळी मीच नको!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांदा असा काही ठणकू लागला की पेंटरांना धड बसवेना. साधी गोळी घेऊन झाली होती.

"अगं, दे ती पिशवी. जरा वेळच. डॉक्टरीणबाई काय बघायला येणारेत?"

बायको उठून स्वयंपाकघरात आली. टाचा उंचावून तिने मला काढले, बर्फ भरला, झाकण घट्ट केले. आले ना शेवटी माझ्याचकडे, असे म्हणून मी मनातल्या मनात फुशारले. पेंटरांनी तर सदरा खांद्यावरून सरकवलाही होता. पण ती खोलीच्या दारातच थबकली. मग हळूहळू समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने मला स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवले.

"हे काय?" पेंटर म्हणाले.

"नाही देणार मी. सवयीनं हात गेला आणि भरली. आता बर्फ वाया कशाला घालवू?"

"मी इथं कळवळतोय आणि तू..."

"दिसतंय मला. बघवत नाही, तरी बसलेय ना समोर? पण तो हात मला वर गेलेला बघायचाय."

मी त्या गुडघ्यावर टेकले आणि दचकले. नुकत्याच बाजूला ठेवलेल्या इस्त्रीसारखा तो तापला होता, आणि सुजून गोल झाला होता. बायकोने डोळे मिटून लांब श्वास सोडला. पेंटर तिच्याकडे बघतच राहिले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"गुडघा."

"काही नाही हो. उभ्याचं काम, दुखायचंच."

"कधीपासून, म्हणतो मी."

"तुमच्या खांद्याच्या आधीपासून."

पेंटरांनी सदरा नीट वर ओढून घेतला. त्यांनी मला पुन्हा मागितले नाही. माझा रुसवाही पळाला, पण फार वाईट वाटले. इतकी वर्षे मी या बाईच्या हातात होते, आणि हातभर खालच्या तिच्या गुडघ्यापर्यंत कधी पोचले नव्हते.

त्यानंतरचे दिवस मोठे चिवट होते. ठणका ओसरल्यावर पेंटर भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम करू लागले. कधी हात चार बोटे वर जाई, कधी कालच्याही खाली राही. मग ते चिडत, आणि बायको त्यांना चहा देऊन पुन्हा भिंतीपाशी उभे करी. मधल्या काळात लेकीने आईलाही डॉक्टरीणबाईंकडे नेले. आई जाताना वाटभर कुरकुरत होती.

"या गुडघ्याला सध्या सुई नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मांडीचे व्यायाम करा, दुकानात बसायला उंच स्टूल घ्या, आणि संध्याकाळी तुमची ती लाडकी पिशवी लावा."

माझा जीव भांड्यात पडला.

मग एक संध्याकाळ आली. पेंटर स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी उजवा हात उचलला. हात कानापर्यंत आला, थरथरला, कानाच्याही वर गेला आणि खिळ्याला लागला. त्यांनी मला अलगद काढले. बायको हातात ट्रे घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

मला वाटले, आता मला भरणार. पण त्यांनी मला ओट्यावर ठेवले आणि पकडीने तो खिळाच उपटला.

"इकडे ये. अशी उभी राहा."

बायकोच्या खांद्याची उंची बघून त्यांनी तो तिथे ठोकला, त्याच हाताने, अगदी बेताबेताने.

"इतका वर कुणी ठोकला होता हो हा?" बायको डोळे पुसत म्हणाली.

"असेल कुणी उंच गाढव."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा. काम झाले की पाणी ओतून उलट्या वाळत ठेवा, झाकणातले रबर झिजले तर बदला. आणि घरातले जे माणूस सारखे "काही नाही" म्हणते, त्याच्याजवळ जरा बसा आणि पुन्हा एकदा विचारा.

आता मला काढायला कुणाला टाचा उंचवाव्या लागत नाहीत. पण खरे सांगू? बायको मला काढतच नाही. संध्याकाळ झाली की पेंटरच वाकून मला काढतात.