चार रेघा

बाळाच्या डोक्याला हवेने चिकटवलेला कप सुटला.

फट्. डॉक्टर मागे ट्रेवर आदळली, कात्र्या फरशीवर पसरल्या आणि बाईची टाच तिच्या ओठावर बसली. रक्त. कोणाचं, ते नंतर.

“मारून टाकता का मला?”

“लाथ बघ आधी स्वतःची! मरणाऱ्यात एवढा जोर नसतो, पोरी,” सिस्टर म्हणाली. तिच्या दंडावर बाईचे दात उमटले होते.

बाहेर नवरा दारावर स्टूल घालत होता. धाड. “तिला काही झालं तर एकेकाला उभा चिरीन!” धाड.

बाळाचे ठोके: टक टक टक. टक.

      टक.

ऑपरेशनच्या टेबलावर दुसरी बाई पोट उघडून पडली होती. म्हणजे सिझेरियन नाही, इथेच. आणि कप आणखी एकदाच लावायचा.

थांब. कप का सुटला?

मागे जाऊ. डॉक्टरच्या बोटाला डोक्यावर मऊ खळगा लागला होता. कळा सोसून डोकं स्पंजसारखं सुजलेलं. घाईत तिने ठरवलं, ही मागची टाळू. तिच्याजवळ कप लावला, पाय रोवून ओढलं. बाळाने हनुवटी छातीशी घ्यायची, तर उलट मान ताठली. डोकं पाचरीसारखं अडकलं.

पुन्हा बोट आत. बाई किंचाळली. सूज दाबत, हाडांच्या फटी चाचपत. एक रेघ. दोन. तीन.

चार.

पुढची टाळू! मागच्या टाळूला तीनच फटी मिळतात. बाळ वर तोंड करून होतं.

“सिस्टर, चुकीच्या जागी लावला मी.”

“मग योग्य जागी लावा. रडायला सुट्टी काढा नंतर.”

मधल्या रेघेवरून बोट मागे, खोल, आणखी खोल. तीन रेघा. ही मागची. तिच्या दोन बोटं अलीकडे कप. कडेने बोट फिरवलं, आईचं मांस चिमटलं नाही ना. हवा खेचली. कळेची वाट.

धाड.

“आता! जोर कर!”

ओढ. खाली, जमिनीकडे. बाई फाटत होती, ओरडत होती, शिव्या घालत होती. डोकं वाकलं. सरकलं. मग वर

आणि दार तुटलं

आणि बाळ बाहेर, निळं, गप्प. सिस्टरने पाठ खसाखसा चोळली. चोळली. चोळली.

रडलं.

नवरा आत उभा, हातात स्टुलाचा पाय. सिस्टर झटकन बाळाला टोपी घालायला गेली, पण त्याने पाहिलंच. डोक्यावर दोन जांभळी वर्तुळं.

“दोन कशी?”

सिस्टरने डोळ्यांनी खुणावलं: गप्प बसा.

“मागचं बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाली. “पुढचं माझी चूक.”

लाकूड वर गेलं.

“ए! ठेव ते खाली,” बाळंतपणाच्या टेबलावरून बायको खेकसली. “तिचं थोबाड मी आधीच फोडलंय. तुझी गरज नाही.”

लाकूड हवेतच राहिलं. मग खाली आलं, हळू.

“दाखवा मला,” बायको डॉक्टरला म्हणाली. “कुठे चुकलं?”

डॉक्टरने तिचं बोट धरलं, बाळाच्या पुढच्या टाळूवर हलकेच टेकवलं.

“मोज.”